नुसता फुलणारा वेल

माझ्या वडिलांना कारखान्यात सगळे टिचकी म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे टिचकी. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं, असा माझा संशय आहे. चिनी मातीच्या कपबश्यांचा कारखाना होता तो. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप बाजारात जायच्या आधी बाबांच्या हातातून जायचा. लांबलचक फळीवर कप मांडलेले असायचे. बाबा डाव्या हातावर कप तोलायचे, उजव्या हाताच्या नखानं त्याच्या काठाला टिचकी मारायचे आणि मान किंचित वाकडी करून ऐकायचे. कप चांगला असला की टण्ण असा आवाज निघून जरा वेळ हवेत राहतो. आत केसाएवढी जरी चीर असली तरी नुसतं थप्प होतं आणि विषय संपतो. थप्प झालेला कप बाबा मागे न बघता खांद्यावरून मागच्या पेटीत टाकायचे, आणि पेटी भरली की ती कारखान्यामागच्या खड्ड्यात रिकामी व्हायची. हे काम त्यांनी डोळ्यांत तेल घालून केलं आणि उत्तम केलं, त्यात मला काही कमी करून सांगायचं नाही.

वाईट एवढंच की भोंगा झाल्यावर इतरांची कामं कारखान्यात राहायची आणि बाबांची टिचकी त्यांच्याबरोबर घरी यायची. बाजारातून आणलेलं पातेलं, नवी खुर्ची, माझं प्रगतिपुस्तक, दाराशी आलेला पाहुणा, सगळ्यांना एकेक टिचकी. माझ्या एका मैत्रिणीला त्यांनी पाणी प्यायला दिलं, चार प्रश्न विचारले आणि ती गेल्यावर म्हणाले, "ही नको." का नको ते सांगितलं नाही. कपाला तरी कोण सांगतं?

आमचं घर कारखान्यामागच्या गल्लीत होतं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे जरा मोकळी जागा आणि तिला उंच भिंत. घरात बाबा, आई, मी आणि काका. काका म्हणजे बाबांचा सख्खा धाकटा भाऊ. बाबांना आम्ही अहो-जाहो करायचो, काकाला मात्र सरळ अरे-तुरे. तो तिशी ओलांडून गेला होता, लग्न नव्हतं, आणि नोकरी म्हणाल तर त्याला नोकऱ्या लागायच्या पटकन आणि सुटायच्याही पटकन. कारण एकच, त्याच्या तोंडाचा पट्टा. कापडाच्या दुकानात तो गिऱ्हाइकाशी इतका रंगून बोलायचा की गिऱ्हाईक कापड न घेताच खूश होऊन जायचं. छापखान्यात तो खिळे जुळवणाऱ्या कामगारांना मजकुरातल्या गमती वाचून दाखवत बसायचा. एसटीच्या चौकशीच्या खिडकीवर त्याला बसवलं, तर लोक गाडी सोडून त्याच्याशी बोलत उभे राहायला लागले. शेवटी डेपोनं त्याला हात जोडले.

मग तो घरीच असायचा. सकाळी आई पोळ्या लाटत असली की तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून तिला पेपर वाचून दाखवायचा. त्यात निम्मं छापलेलं असायचं आणि निम्मं याच्या पदरचं. मंत्र्यांच्या भाषणात मध्येच आमच्या गल्लीतली मांजर यायची, हरवलेल्या माणसाच्या जाहिरातीत बाबांचं वर्णन यायचं: 'उंची मध्यम, कपाळावर कायम आठ्या, सापडल्यास परत आणू नये.' आई हसायची. आई हसायला लागली की आधी तिचे खांदे हलायचे, आवाज मागाहून यायचा, आणि मग लाटणं बाजूला ठेवून तिला खालीच बसावं लागायचं. पोळी तव्यावर करपायची. "भावजी, पुरे हो आता, पोट दुखतंय," असं म्हणायची आणि पुन्हा हसायची. माझ्या वेण्याही काकाच घालायचा, एक वर आणि एक खाली. शाळेत मुली चिडवायच्या, तरी मी आईकडून वेणी घालून घेत नसे.

"याचा काडीचा उपयोग नाही," बाबा म्हणायचे. काका समोर असला तरी म्हणायचे. काकाही मान डोलवायचा, "खरंय दादा. दोन काड्यांचासुद्धा नाही."

आता वेलाचं. मागच्या भिंतीवर कर्टोलीचा एक वेल होता आणि जुन्या कोळशाच्या खोपीवर दुसरा. लावले कुणीच नव्हते. रानातला वेल तो, पाखरांनी बी आणून टाकलं असणार. पावसाळा सरला की तो असा वाळून जातो की तिथं काही होतं अशी शंकासुद्धा येऊ नये. पण जमिनीत त्याचा कंद जिवंत असतो, रताळ्यासारखा, आणि पुढच्या वर्षी त्यातून पुन्हा कोंब येतो. दोऱ्याएवढ्या बारीक तणाव्यांनी जे मिळेल ते धरत तो वर चढतो. भिंत, तार, वाळत घातलेला टॉवेल, त्याला काहीही चालतं. फुलं पिवळी, संध्याकाळी उमलणारी. फळ अंड्याएवढं, हिरवं, वरून मऊ काट्यांचं. तोडायचं राहिलं तर पिकून केशरी होतं, फुटतं, आतल्या लाल बिया दिसतात आणि पाखरं तुटून पडतात. चव कडसर. आईला ती फार आवडायची.

भिंतीवरच्या वेलाला पाटीभर फळं लागायची. खोपीवरच्याला मात्र नुसती फुलं. तीही किती! भिंतीवरच्याच्या आधी तो फुलायला लागायचा आणि त्याच्यानंतरही फुलत राहायचा. संध्याकाळी खोप सगळी पिवळी व्हायची, आणि काका खाली उलट्या खोक्यावर बसून कुणाशी ना कुणाशी बोलत असायचा. फळ म्हणून एक नाही. बाबांनी त्याला दोन पावसाळे मुदत दिली. कपाला ते एवढीही देत नसत.

एका रविवारी सकाळी ते कुदळ घेऊन मागे गेले. आई दारात येऊन म्हणाली, "अहो, राहू दे की. काय मागतोय तो आपल्याकडे?"

"जागा खातोय. पाणी खातोय. हा गेला की त्या दुसऱ्याला जोर येईल."

त्यांनी नुसता वेल ओढला नाही. मुळापर्यंत खणून कंद काढला. मातीनं भरलेला, मुठीपेक्षा मोठा कंद. त्यांनी त्याच्यावरसुद्धा नखानं टिचकी मारली, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मग म्हणाले, "नुसता फुलायला तेवढा शहाणा."

काका खोक्यावरून उठून बाजूला उभा होता. हसत म्हणाला, "दादा, आता माझा नंबर का?"

आई हसली, मी हसले, भिंतीपलीकडून शेजारीणही हसली. बाबा हसले नाहीत. कंद पाटीत टाकत म्हणाले, "तुझं तुलाच कळतंय ते बरं आहे."

काकाच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं तिथं राहिलं. त्यानं कुदळ उचलून पाण्यानं धुतली, जागेवर ठेवली. पुढच्या आठवड्यात सकाळीच तो ट्रंक घेऊन बाहेरच्या खोलीत आला. दुसऱ्या गावात एका वृद्धाश्रमात जागा आहे म्हणाला. म्हाताऱ्यांना उठवणं, बसवणं, दाढी करणं, असलं काम. "राहायला तिथंच, वहिनी. जेवायलाही." बाबा पेपर वाचत होते. "बरं झालं," ते म्हणाले, "माणसानं आपल्या पायावर उभं राहावं." काकानं माझ्या वेण्या घातल्या आणि तो गेला. त्या दिवशी वेण्या नीट आल्या होत्या, अगदी सारख्या. मला त्याचा फार राग आला.

तो गेल्यावर आई बाबांना एवढंच बोलली. "तुम्ही नुसतं हसायचं होतं हो. दुसरं काही मागितलं नव्हतं त्यांनी." बाबा म्हणाले, "मी त्याला जा म्हणालो का?" नव्हते म्हणाले. कपालाही ते कधी जा म्हणत नसत.

त्यानंतर पोळ्या करपायच्या थांबल्या. बाबांना ते चांगलं वाटलं असावं.

पुढच्या पावसाळ्यात भिंतीवरचा वेल नेहमीसारखा चढला. फुलंही आली, फुलाच्या मागे इवलंसं काटेरी बोंड घेऊन. बाबा रोज कारखान्यातून आल्यावर बघायला जायचे. बोंडं जराशी फुगायची, पिवळी पडायची आणि खाली गळायची. खाली सडाच पडायचा. बाबांनी राख घातली, शेणखत घातलं, कीड पडली म्हणून औषध आणून फवारलं. माती बदलली. शेवटी शेजारणीच्या मांजरावर आळ घेतला. फळ एकसुद्धा धरलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आई झाडून झाडून पिवळी बोंडं सुपलीत भरायची आणि बाहेर टाकून यायची.

मी तेव्हा कॉलेजात जायला लागले होते. वनस्पतिशास्त्राच्या तासाला बाईंनी फळ्यावर दोन फुलं काढली. काही वेलींमध्ये नर वेगळा आणि मादी वेगळी, त्या सांगत होत्या. नराला फक्त फुलं येतात, फळ कधीच नाही, आणि तो जवळपास नसला तर मादीचं फूल वायाच जातं. उदाहरण म्हणून त्यांनी आणखी एकदोन नावं घेतली आणि मग कर्टोलीचं. मी वही मिटली. उरलेला दिवस मला काही ऐकू आलं नाही. घरी जाईपर्यंत दम निघत नव्हता.

जेवायला बसल्यावर मी बाबांना सांगितलं. हळू नाही सांगितलं, आडून नाही सांगितलं. "बाबा, तुम्ही उपटलात ना, तो नर वेल होता. त्याच्यामुळेच दुसऱ्याला फळं लागत होती. त्याला फळं येणारच नव्हती, ते त्याचं कामच नव्हतं." आणि बाबांकडे बघत बसले. मला त्यांचा चेहरा बघायचा होता. मला त्यात समाधान मिळालं, आणि आजही मला त्याची लाज वाटत नाही.

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं माझ्याकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. मला वाटलं, आता काहीतरी होईल. बाबा काकाचं नाव घेतील, निदान आई तरी घेईल. बाबांनी घास खाल्ला. पाणी प्यायले. "मग नर कुठं मिळतो?" त्यांनी मला विचारलं.

असा माणूस. चूक कळली की दुरुस्तीला लागायचं, रडत बसायचं नाही. पण दुरुस्त काय करायचं, ते मात्र त्यांनी स्वतःच ठरवलं.

पहिल्यांदा ते कारखान्यामागच्या खड्ड्यावर गेले. तो कंद त्यांनी तिथंच नेऊन टाकला होता. इतक्या वर्षांचे फुटके कप त्या खड्ड्यात. बाबा गुडघ्यावर बसून हातानं ते उपसत होते असं कारखान्याच्या पहारेकऱ्यानं आईला येऊन सांगितलं. हाताला चिरा घेऊन घरी आले. कंद काही मिळाला नाही. मग ते वाटेतली कुंपणं, पडक्या भिंती बघत हिंडायला लागले, आणि जुन्या वीटभट्टीच्या तारेवर त्यांना एक नर वेल सापडला. घरापासून चांगलाच लांब होता तो, आणि कंद विटांच्या ढिगाखाली, काढता न येण्यासारखा. तेव्हापासून हा कार्यक्रम सुरू झाला. संध्याकाळी भोंगा झाला की बाबा वीटभट्टीकडे चालत जायचे, जेवणाच्या रिकाम्या डब्यात नर फुलं घालून आणायचे, आणि अंधार पडायच्या आत आमच्या भिंतीवरच्या एकेका मादी फुलाला एकेक नर फूल टेकवायचे. चष्मा नाकावर, जीभ दातांत धरलेली. कारखान्यातल्या कुणी बघितलं असतं तर टिचकीसाहेबांची अब्रूच गेली असती.

फळं धरली. पाटीभर नाही, पण धरली. बाबांनी पहिल्यांदा तोडलेली फळं आईच्या हातात दिली. आईनं भाजी केली, आम्हाला वाढली. स्वतःच्या ताटात घेतली नाही.

"तुला आवडते ना?" बाबांनी विचारलं.

"कडू लागते आता," आई म्हणाली.

तिनं पुन्हा कधीच खाल्ली नाही, आणि बाबांनी फुलं आणायचं कधी थांबवलं नाही. वर्षानुवर्षं हे असं चाललं. मला नोकरी लागली, लग्न झालं, मी दुसऱ्या गावी गेले. काकाचं पत्र यायचं कधीमधी, आईच्या नावानं, मजेमजेचं. आई ते वाचून उशीखाली ठेवायची. बाबा निवृत्त झाले. घरात आता टिचकी मारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग बाबांचे डोळे गेले. पूर्ण नाही. एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, दुसरा दुपारी बरा असायचा, पण ऊन कललं की सगळं एकसारखं दिसायचं. आणि ती फुलं उमलणार संध्याकाळीच. मी त्या पावसाळ्यात आठवडाभर माहेरी गेले होते. बाबा भिंतीशी उभे राहून फुलं चाचपत होते. डब्यातली नर फुलं पानांवर टेकवत होते. मी सांगितलं नाही. आईला म्हटलं, "तू का नाही मदत करत गं?" ती म्हणाली, "मी उपटला नव्हता."

दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा म्हणाले, "तुझ्या काकाला विचारावं म्हणतो. येतो का बघावं."

इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून 'काका' हा शब्द मी ऐकला नव्हता. आईच्या हातातली किटली तशीच राहिली. तिनं विचारलंसुद्धा नाही, कशाला म्हणून. उठली, आतल्या खोलीतला पलंग पुसला, त्यावरच्या ट्रंका खाली काढल्या, गादी उन्हात टाकली. साठीच्या पुढची बाई, पण तरातरा चालत होती. मला हाक मारून म्हणाली, "तू जा त्यांच्याबरोबर. नाहीतर हे तिथं जाऊन हवापाण्यावर बोलतील आणि परत येतील."

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले. सारखे शर्टाची गुंडी चाचपत होते. कधी नव्हे ते मला त्यांची दया आली. मी म्हटलं, "बाबा, सरळ सांगा. घरी चल म्हणा. बाकी काही लागणार नाही." ते म्हणाले, "हो हो. मला समजतं."

वृद्धाश्रमाच्या पडवीत काका एका म्हाताऱ्याची दाढी करत होता. आणखी चारपाच म्हातारे खुर्च्या जवळ ओढून बसले होते. कुणाला दाढी करून घ्यायची नव्हती, ते नुसते ऐकायला आले होते. काकाचे केस सगळे पांढरे झाले होते. तोंड तेच. आम्हाला बघून तो वस्तरा हातात धरूनच उठला. "दादा! अरे, बस, बस. मंडळी, हे माझे थोरले बंधू. कपांचे डॉक्टर. नुसती टिचकी मारून सांगतात, जगेल की नाही." म्हातारे खो खो हसले. बाबाही हसले. मी खरंच सांगते, ते हसले. उशीर झाला होता, पण हसले.

काकानं मला जवळ घेतलं. खुर्च्या आणल्या. स्वतः समोर बसला, मांडीवर हात ठेवले आणि बाबांना विचारलं, "काय काम काढलंस, दादा?"

साधाच प्रश्न, कुणीही कुणालाही विचारतं. पण बाबांच्या घरात वाढलेला माणूस तो प्रश्न कसा विचारतो, ते मला तेव्हा कळलं. आपल्या भावाला आपली नुसती आठवण येऊ शकते, हे काकाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

बाबांनी घसा खाकरला. मी त्यांच्या कोपराला हात लावला. मनात म्हणत होते, बोला, बोला आता.

"ते कर्टोलीचं," बाबा म्हणाले. "संध्याकाळी मला फुलं ओळखू येत नाहीत. फूल कुठलं, पान कुठलं. डोळे गेले. म्हटलं, तू असलास तर तेवढं काम होईल."

"एवढ्यासाठी आलास?"

"म्हणजे... कामच आहे ना ते. रोजचं काम आहे."

काका रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, भांडण झालं असतं, मी मध्ये पडले असते. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, जसं तिथल्या म्हाताऱ्यांना म्हणत असेल, "अरे दादा, तेवढ्यासाठी माणूस कशाला ठेवायचा? फूल तर टेकवायचं असतं. शेजारच्या कुणालाही सांग, करेल."

"ते खरं," बाबा म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात पलीकडून तो म्हातारा ओरडला, "अहो, माझी अर्धी दाढी राहिलीय! साबण वाळला!" आणि काका उठला. आम्ही चहा प्यायलो. निघताना तो फाटकापर्यंत आला. बाबा पुढे गेल्यावर मला हळूच म्हणाला, "वहिनी हसते का गं?"

"हसते," मी म्हटलं. एवढं सरळ खोटं मी आयुष्यात बोलले नाही.

परतीच्या बसमध्ये बाबांनी डोळे मिटून घेतले होते, पण ते झोपले नव्हते. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. घरी पोचलो तेव्हा आई दारातच उभी होती. आमच्या मागे रस्त्यावर बघत होती. कुणी नाही हे दिसल्यावरही जरा वेळ बघतच राहिली.

"काय म्हणाले भावजी?"

"कामात आहे तो," बाबा म्हणाले. "चांगलं चाललंय त्याचं."

"तुम्ही काय म्हणालात?"

"वेलाचं सांगितलं. ते कुणीही करेल म्हणाला."

"ते नाही विचारत मी. 'घरी चल' असं म्हणालात का त्यांना?"

बाबा उंबऱ्यावर बसून चपलेचा पट्टा सोडवत होते. तो त्यांना दिसत नव्हता. बराच वेळ बोटांनी शोधत राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"एवढंच तर म्हणायला गेला होतात हो तुम्ही," आई म्हणाली.